अर्ध्या गोळीचा उन्हाळा

यंदा आंबा उशिरा उतरला. लेकीने पेटी पाठवली. पेंढ्यातून एकेक आंबा काढून मी खोलीच्या कोपऱ्यात मांडून ठेवला आणि घरभर तो वास पसरला. पिकत्या आंब्याचा वास आला की माणसं खूश होतात. मला त्याच्या मागोमाग आणखी एक वास येतो. कडू, औषधी, बाईच्या केसांत अडकून राहिलेला. तो मुलुंडचा वास. इतकी वर्षं झाली, तरी दर वैशाखात न बोलावता येतो.

त्याच आठवड्यात नातीचं पोट बिघडलं. ताप, कळा, आणि जुलाबातून रक्त. वैजूबरोबर, म्हणजे माझ्या लेकीबरोबर, मीही डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण, हसतमुख. पहिलं औषध लागू पडलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते बदललं आणि म्हणाले, "घाबरू नका. हे जंतू आता साध्या औषधांना जुमानत नाहीत, एवढंच."

वैजू सहज म्हणाली, "हे कोण शिकवतं हो त्यांना?"

"आपणच शिकवलंय. वर्षानुवर्षं, थोडं थोडं करून," डॉक्टर म्हणाले आणि पुढचं औषध लिहायला लागले.

माझे कान तापले. भर दवाखान्यात कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारावी तसं वाटलं. वैजूने विचारलं, "आई, काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, उकडतंय." नात बरी झाली. आता घरभर उड्या मारते. पण त्या दिवसापासून माझं मन सारखं त्या चाळीकडे धावतंय.

सत्तरच्या आसपासचं मुलुंड म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं अर्धं गाव. उन्हाळ्यात डोंगर तापायचा आणि संध्याकाळ झाली तरी भिंती गरम असायच्या. कारखान्यांचे भोंगे वाजायचे, त्यावर आमचे स्वयंपाक चालायचे. आमच्या चाळीत बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. गॅलरीत वाळवणं, गॅलरीतच भांडणं, गॅलरीतच पोरांचे अभ्यास. पाणी सकाळी थोडा वेळ यायचं, ते पिंपात भरून दिवसभर पुरवायचं.

आमच्या घरात आम्ही नवराबायको, पाच वर्षांचा अजू आणि माझ्या थोरल्या नणंदबाई, सुमनवन्सं. वन्सं फार लहानपणी विधवा झालेल्या. सासरच्यांनी परत पाठवलं तेव्हा भावाच्या दारात उभ्या राहिल्या, पण ओझं म्हणून नाही राहिल्या. जवळच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्या. पांढरा डगला, डोक्याला घट्ट फडकं, समोर गोळ्यांचा ढीग. संध्याकाळी घरी आल्या की त्यांच्या अंगाला कडू वास यायचा. कितीही हात धुतले तरी नखांच्या कडेला पिवळं राहायचं. अजू लाडाने त्यांचं बोट चाटायचा आणि तोंड वाकडं करायचा. त्या खळखळून हसायच्या. एरवी वन्सं फारशा हसत नसत.

टवका उडालेल्या, तुटलेल्या गोळ्या कारखान्यात बाजूला काढत. त्या फेकूनच द्यायच्या असत. बायका त्यातल्या मूठभर पदराला बांधून आणत आणि वरचे लोक काणाडोळा करत. फेकून द्यायचं औषध कुणाच्या उपयोगी पडलं तर काय वाईट, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. वन्संनी त्या गोळ्या लोणच्याच्या जुन्या बरणीत भरून फळीवर ठेवल्या होत्या. पिवळ्या गोळ्या जुलाबावरच्या. त्या तापावर, गळवावर, खोकल्यावरही चालतात असं वन्संचं मत होतं आणि चाळीचंही होतं.

संध्याकाळी दाराशी कुणी ना कुणी यायचंच. "ताई, बंड्याचं पोट बिघडलंय." "ताई, पोरीचा कान ठणकतोय." वन्सं चहा अर्धा टाकून उठायच्या. माझ्या सासूबाईंचा अडकित्ता होता, सुपारीचा. त्याने गोळी मधोमध कापायच्या. पोरांना अर्धीच. "एवढ्याश्या जिवाला सबंध गोळी सोसायची नाही," म्हणायच्या. "आणि जुलाब थांबले की लगेच बंद करायची हं. उरली तर ठेव, पुढच्या वेळी होईल."

तसं होतही होतं. पोरं उठून बसायची. आया दुवा द्यायच्या. ज्या बाईला मंगळागौरीला कुणी बोलावत नव्हतं, ओटी भरताना जिला बाजूला सारत, त्याच बाईच्या दाराशी सगळी चाळ हात पसरून उभी राहायची. हा मान वन्संना किती मोठा वाटत असेल, ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, म्हणून पुढचं सांगणं जड जातं.

सगळ्यांत जास्त यायची ती शेवंती. आमच्या शेजारच्याच खोलीतली, मालवणकडची. नवरा भांडुपच्या कारखान्यात. दोन पोरं, मोठी बेबी आणि धाकटा नंदू. नंदू नुकता धावायला शिकलेला, गुटगुटीत, कमरेला काळा करगोटा आणि अंगात बहुधा काहीच नाही. त्याला आमच्या घराचा उंबरा ओलांडताना पडायची सवय होती. पडला की रडायचा नाही, आधी वन्सं बघतायत का ते बघायचा. त्या बघत असल्या तरच रडायचा.

त्या वैशाखात माझ्या वैजूचं बारसं होतं. मुलगी झाली म्हणून वन्संना माझ्यापेक्षा जास्त आनंद. सगळ्या चाळीला आमरस-पुरीचं जेवण घालायचं त्यांनीच ठरवलं. सकाळपासून गॅलरीत बायका आंबे पिळत बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत पिवळे, पोरं कोयी चोखत मध्ये मध्ये. उकाडा असा की रस तासाभरात आंबेल अशी भीती. मग बर्फ आणला, गोणपाटात गुंडाळलेली मोठी लादी. ती अंगणात आपटून फोडली आणि तुकडे थेट रसात टाकले. गार रस पिऊन पोरांच्या वरच्या ओठांवर मिश्या उमटल्या. पाळण्यात वैजूचं नाव ठेवलं, तेव्हा नंदू वन्संच्या मांडीवर बसून वाटी चाटत होता.

ते बर्फातून आलं, पिंपातल्या पाण्यातून आलं की आमच्याच कुणाच्या हातांतून, हे पुढे कुणालाच सांगता आलं नाही. रस आमच्या घरचा होता, एवढं नक्की.

पोरं एकेक करून पडायला लागली. आधी कळा, मग ताप, मग आव आणि रक्त. चाळीच्या मागच्या संडासांकडे आयांची रांग. वन्सं कामाला गेल्या नाहीत. बरणी काखेत घेऊन या खोलीतून त्या खोलीत. अडकित्त्याचा कट् कट् आवाज सगळीकडे. अर्धी गोळी, वर साखरमिठाचं पाणी, कपाळावर हात. "उद्यापर्यंत उतार पडेल," त्या प्रत्येकीला सांगायच्या.

उतार पडला नाही. मग त्यांनी सबंध गोळी दिली. मग दोन दिल्या. माझा अजू अंथरुणात पायांचं मुटकुळं करून पडला होता. त्याच्या उशाशी बसून वन्सं बरणीतली एक गोळी तळहातावर घेऊन बघत होत्या. उलटसुलट करून बघितली, वास घेतला, जिभेला लावली.

"कुंदा, गोळी तर तीच आहे गं," त्या मला म्हणाल्या. "मग लागू का पडत नाही?"

बाळंतीण मी, पदराखाली महिन्याची पोर. ती फक्त अंगावर पीत होती, म्हणून वाचली.

नंदूचे डोळे आत गेले. शेवंतीने दुपारी दारात येऊन विचारलं, "ताई, हास्पिटलात नेव काय?" वन्संनी त्याचं पोट चाचपलं. "संध्याकाळपर्यंत बघू. आत्ताच गोळी पोटात गेलीय." शेवंती मान डोलावून गेली. ताईंनी सांगितलं म्हणजे झालं. ती मान डोलावणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

उन्हं कलायच्या आधीच नंदूची मान पडायला लागली. तेव्हा मात्र वन्सं धावत सुटल्या. टांगा आणला, शेवंती नंदूला घेऊन बसली, हे अजूला घेऊन बसले आणि वन्सं पुढे टांगेवाल्याशेजारी. मी वैजूला घेऊन गॅलरीत उभी. पुढचं सगळं मला ह्यांनी सांगितलं. वन्सं त्याबद्दल आयुष्यात एकदाच बोलल्या, तेही माझ्याशी नाही.

इस्पितळात मुलांच्या वॉर्डात एक डॉक्टरीणबाई होत्या, सावळ्या, थकलेल्या. दोन्ही पोरांना सलाइन लावलं. मग त्यांनी विचारलं, "आधी काही औषध दिलंत?" वन्संनी पदराची गाठ सोडून गोळ्या पुढे केल्या. ह्यांचं म्हणणं, त्या वेळीसुद्धा वन्संच्या चेहऱ्यावर थोडीशी आशा होती, की डॉक्टर म्हणतील, बरं झालं, निदान हे तरी दिलंत.

डॉक्टरीणबाईंनी गोळी उजेडात धरली. "किती दिली?"

"अर्धी. लहान जीव म्हणून."

"आणि याआधी कधी दिली होती?"

"देतो की. पोट बिघडलं की देतो. थांबलं की बंद करतो."

"चाळीतल्या सगळ्या पोरांना?"

"हो," वन्सं म्हणाल्या. "फुकट देते मी, बाई."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हे नेहमी म्हणायचे. त्यांनी वन्संना बाकावर बसवलं आणि लहान मुलाला समजावावं तसं सांगितलं. "अर्ध्या औषधाने सगळे जंतू मरत नाहीत हो. जे चिवट असतात ते उरतात. परत अर्धी दिली की त्यातले आणखी चिवट उरतात. ते पोटातच राहतात, एकमेकांना चिवटपणा देतात, एका पोराकडून दुसऱ्याकडे जातात. शेवटी असे निर्ढावतात की तुमच्या ह्या गोळीला हसतात. एकट्या तुमच्याने झालं असं नाही म्हणत मी. दारोदारी हेच चाललंय, आमचेही डॉक्टर करतात. पण ह्या पोरांना ह्या गोळीचा उपयोग नव्हता. आधी आणायला हवं होतं."

अजूला दुसरी इंजेक्शनं दिली. त्याचं शरीर मोठं होतं, तग धरून राहिला. नंदू दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

माझा मुलगा टांग्यातून परत आला आणि शेजारच्या खोलीतला आला नाही. माझ्या मुलीच्या बारशाला जेवलेला. अजूला कुशीत घेऊन मी आनंदाने रडायला लागले, तेवढ्यात भिंतीपलीकडून शेवंतीचा हंबरडा आला आणि मी तोंडात पदर धरला. आनंद करायची लाज वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर अजूच्या प्रत्येक वाढदिवसाला ओवाळताना मी दार लोटून घ्यायची.

आम्ही वाट बघत होतो. कुणीतरी येईल, शिव्या देईल, आमच्या दारावर थुंकेल, निदान शेवंतीचा नवरा तरी. कुणीही आलं नाही. उलट नंदूचे दिवस झाल्यावर शेवंतीच आली, वन्संच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "तुमी काय कमी केलास ताई? रातीचा दिवस केलास. त्येचा आयुष्यच तेवढा होता."

वन्संनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांची नजर तिच्या पायांवर होती.

बरणीचं काय करायचं? एकदा त्या मोरीपाशी बरणी उपडी करायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. "कुठे टाकू गं? गटारात टाकलं तर गटारातले जंतू शिकतील," म्हणाल्या. शेवटी पिशवीत घालून कारखान्यात परत घेऊन गेल्या आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, हे मी नेलं होतं, ह्याने मूल गेलं. साहेबाने घाईने दार लावलं. असं कुठे बोलायचं नाही, म्हणाला, तुमचीच नोकरी जाईल. पिशवी त्याने कपाटाखाली सरकवली. वन्सं परत येऊन ढिगासमोर बसल्या. न बसून करणार काय? शिक्षा मागायला गेलेल्या बाईला तिथेही ती मिळाली नाही.

संध्याकाळी दाराशी बायका येतच राहिल्या. वन्सं सांगायच्या, "आता नाही ठेवत. डॉक्टरकडे जा." बायका थोडा वेळ उभ्या राहायच्या, ताई चेष्टा करतायत का ते बघायच्या आणि निघून जायच्या. हळूहळू कानावर यायला लागलं. नंदू गेल्यापासून ताईंचा हात आखडला. ताईंना गर्व झाला. त्याच कारखान्यातली एक बाई पलीकडच्या चाळीत राहायची, मग आमच्या चाळीतली पोरं तिच्या दारात जायला लागली. तिच्याकडेही त्याच गोळ्या, तशाच अर्ध्या. वन्संनी तिला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या हाताला यश नाही म्हणून मी का बंद करू?"

पुढच्या वर्षी आंबा आला तो आमच्या घरी कुणी विकत आणला नाही. त्याच दिवसांत एका सकाळी शेवंती दारात उभी राहिली. काखेत बेबी, सहा वर्षांची घोडी, पण मान टाकलेली.

"ताई, चेडवाक कालपासना जुलाब लागलेत. त्या बायचा दार बंद आसा. माका अर्धी गोळी व्हयी हुती."

वन्सं भाकऱ्या थापत होत्या. त्यांचा हात परातीतच राहिला.

"नाही शेवंती. मी नाही देणार."

"अशी काय करतास? तुमच्याकडे आसतली एखादी."

"असती तरी दिली नसती." वन्सं उठल्या, पिठाचे हात तसेच. "शेवंती, ऐक. नंदू माझ्या गोळ्यांनी गेला. मी अर्ध्या अर्ध्या देऊन त्या रोगाला निर्ढावलं. आणि तू हॉस्पिटलला नेऊ का विचारलंस, तर मीच थांबवलं. मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं सगळं. तुला सांगायचं धाडस नव्हतं माझं."

मला वाटलं, आता शेवंती कोसळेल, नाहीतर वन्संच्या अंगावर धावून जाईल. ती दोन पावलं मागे सरली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण भलताच.

"असा बोलू नकात," ती म्हणाली. "माझो झील देवान नेल्यान. तुमी कित्याक आपल्या माथ्यार घेतास? गोळी देवची नसात तर तसा सांगा. माझ्या मेल्या पोराक कित्याक मधी आणतास?"

आणि ती वळून चालायला लागली. वन्संनी चुलीवरचा तवाही उतरवला नाही. तशाच तिच्यामागे धावल्या. तिच्या काखेतून बेबीला ओढून घेतलं आणि नाक्यावर टांग्यात बसल्या. शेवंती शिव्या देत मागोमाग चढली. इस्पितळापर्यंत ती ओरडत होती आणि वन्सं बेबीचं डोकं छातीशी धरून बसल्या होत्या. बेबीला वेळेवर सलाइन मिळालं. ती वाचली.

त्यानंतर शेवंती वन्संशी कितीतरी दिवस बोलली नाही. मूल गेलं त्यासाठी नाही, गोळी नाकारली त्यासाठी. वन्संनी हा अबोला मुकाट्याने सोसला. मला तर वाटतं, त्यांना त्याने थोडं बरं वाटलं. राग चुकीच्या कारणासाठी का असेना, कुणीतरी रागावलं होतं.

मी खूप विचार केला आहे यावर. वन्सं वाईट नव्हत्या. आमच्यातलं कुणीच नव्हतं. चोरी केली असती, मारहाण केली असती, तर त्या लाजेला एक नाव असतं, लोकांनी ते घेतलं असतं आणि कधीतरी ते जुनं झालं असतं. मायेने केलेल्या नासाडीची लाज तशी जुनी होत नाही. आज डॉक्टर म्हणतात, वर्षानुवर्षं थोडं थोडं करून आपणच शिकवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कुठलाही मोठा कारखाना येत नाही. पोलपाटाशेजारी बसून, जीव लावून गोळी कापणारी एक बाई येते.

वन्सं गेल्या त्या चाळ सोडल्यावर, आमच्या नव्या जागेत. म्हाताऱ्या होऊन, झोपेत. बातमी कळताच शेवंती भांडुपहून आली, बेबीचा हात धरून. बेबी तेव्हा लग्न होऊन, पोरंबाळं होऊन चांगली बाई झालेली. माणसांनी भरलेल्या खोलीत शेवंतीने वन्संच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने आक्रोश केला, "देवमाणूस हुती गे माझी ताई! हेंच्या गोळयेर आमची पोरां वाढली!"

जमलेल्या बायकांनी माना हलवल्या, डोळे पुसले. कुणी म्हणालं, अशी माणसं आता कुठे मिळतात. बेबीही रडायला लागली. रडताना तिचे ओठ मागे गेले आणि मला तिचे दात दिसले. पिवळट-तपकिरी, आडवे पट्टे पडलेले, हुबेहूब माझ्या अजूसारखे. लहान वयात त्या पिवळ्या गोळ्या खाल्लेल्या पोरांचे दात कायमचे तसे होतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं होतं. आमच्या चाळीतल्या त्या वेळच्या सगळ्या पोरांचे तसेच आहेत. लग्नाच्या फोटोत अजू तोंड मिटून उभा आहे.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. शेवंतीला, त्या सगळ्या बायकांना. वन्संनी स्वतः एकदा सांगितलं होतंच, आणि कुणी ऐकलं नव्हतं. मी मान खाली घातली. जवळच्या एका बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रडून घ्या वहिनी, मोकळं वाटेल."